तिसऱ्यांदा विचारल्यावर

हालब्रुकचा किल्ला, सर्व संतांच्या सणाचा दुसरा दिवस

मेखतेल्डताई,

हे पत्र तू चुलीत घालणार, ते मला ठाऊक आहे. घालण्याआधी एवढंच वाच: दाजी जिवंत आहेत. मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं.

आता हवं तर घाल. पण घातलं नसशील. म्हणून पुढे लिहितो.

मी इथे कसा आलो ते तुला कुणीतरी उलटंसुलटं सांगितलंय. मागल्या वर्षी मी मिठाच्या नावेवर होतो. नावाड्याशी माझं भांडण झालं, त्याच्या बायकोच्या बदकावरून. ती एक मोठीच गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी. मला त्याने हालब्रुकच्या धक्क्यावर उतरवलं, पायात एकच जोडा. त्या दिवशी ड्यूकच्या काळ्या घोड्याने, मोरेलने, आणखी एका माणसाला पाडलं होतं आणि सगळे लांबून बघत होते. मी जाऊन बसलो. का बसलो ते मलाही माहीत नाही, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्याने मला पाडलं नाही. तेव्हापासून मी इथे मोतद्दार आहे. एवढंच.

ईस्टरला मी तुझ्या दारात उभा राहिलो तेव्हा तू माझ्या अंगरख्यावरचं ड्यूकचं चिन्ह पाहिलंस आणि दार लावलंस. एक शब्द बोलली नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी तिथेच बसून राहिलो असतो. तुझं गप्प बसणं मला सोसत नाही, लहानपणापासून. पिठात बोट फिरवून तू मला अक्षरं शिकवायचीस आणि मी चुकलो की नुसतं पीठ सारखं करायचीस. त्यापेक्षा कान उपटला असतास तर बरं.

तर दाजी. तळ्याकडच्या बुरुजात आहेत, मधल्या मजल्यावर. मी गवताचा भारा घेऊन वर गेलो, पहारेकरी ओळखीचा झालाय. दाढी छातीपर्यंत आली आहे. मला ओळखलं, म्हणाले, "गोसविन, तू अजून वाढतोयस की काय?" हात पांढरे झालेत ताई. नखंसुद्धा. निळीचा मागमूस नाही. ते हात बघून मला वाटलं मी चुकीच्या माणसाकडे आलो.

इथल्या स्वयंपाकघरात आपली गोष्ट वेगळीच सांगतात. आपल्या डामव्लीटच्या लोकांनी शरण येताना गावच्या घंटेत काहीतरी कालवून ती ड्यूकच्या हवाली केली, म्हणून तिच्यापासून ओतलेली तोफ पहिल्याच वेढ्यात फुटली आणि ड्यूकचा एकुलता एक मुलगा जागीच गेला. घंटा हवाली करायला पुढे आले ते रंगाऱ्यांचे मुखिया, आपले दाजी, म्हणून दोष त्यांचा. भाकरी मोडत मोडत सांगतात. मी गप्प बसतो. मला "डबक्यातला" म्हणतात, आपल्या गावच्या सगळ्यांनाच म्हणतात.

ड्यूक आजारी आहे. बाहेर कुणाला सांगायचं नाही, म्हणून तुला सांगतो. माझं काम फक्त सकाळी घोड्याला तटावरून फिरवून आणायचं. बाकी मला काही ठाऊक नाही.

हे पत्र लोकरवाला टीडेमान आणतोय. उत्तर त्याच्याकडेच दे.

गोस

हालब्रुक, संत मार्टिनचा दिवस

ताई,

टीडेमान रिकाम्या हातांनी आला. असो.

आज हंस कापले. अंगणभर पिसं उडताहेत, माझ्या शाईत पडताहेत. लुबर्टकाका, आमचा थोरला मोतद्दार, हंसाची मान हातात घेऊन म्हणाला, "बघ रे डबक्यातल्या, अशी मान असती तर तुला तटावरून तुझं गाव दिसलं असतं." सगळे हसले. मीही हसलो. नंतर तटावर गेलो तेव्हा खरंच बघितलं, दिसत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली. तटावरून फेरी मारतो ती ड्यूकचा झगा घालून मारतो. ड्यूकची उंची माझ्याएवढी, आणि शिकारीत पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरलेला. माझाही उतरलेला, मिठाच्या नावेवर पिंप अंगावर पडल्यापासून. कारभारी सेगरने मला एकदा पाठमोरं पाहिलं आणि ठरवलं. लोकांना रोज सकाळी दिसलं पाहिजे की ड्यूक हेरब्रांट घोड्यावर आहे, ठणठणीत आहे. नाहीतर नदीपलीकडचे दोन सरदार उठतील. मी टोपी कपाळावर ओढतो आणि खांदा आणखी थोडा पाडतो. बाजारातल्या बायका गुडघे वाकवतात. मला पहिल्या दिवशी हसू आलं. आता येत नाही.

आणि आज ड्यूकला भेटलो. झगा परत करायला गेलो तर खोलीत फक्त न्हावी होता, तोही तस्त घेऊन बाहेर गेला. पलंगावर माणूस नव्हताच, गाठोडं होतं. पाय फुगून बुधल्यासारखे. मी झगा खुंटीवर अडकवला आणि निघालो.

"घोडा कसा आहे?" त्याने विचारलं.

"उजवा पाय जरा जपतो, सरकार."

"तू कुठला?"

खोटं सांगता आलं असतं. "डामव्लीटचा."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "तुमची घंटा छान होती. गादीवर आलो त्या साली मी स्वतः दोर ओढून शपथ घेतली होती, तुमचे हक्क मोडणार नाही म्हणून. हात सोलवटले होते माझे."

मी म्हटलं, "मला आठवतं. मी दाजींच्या खांद्यावर बसून बघितलं."

ताई, ते मला खरंच आठवतं. पांढरा घोडा, सोनेरी केस, तू म्हणालीस असा माणूस चित्रात असतो. तुम्ही बायकांनी खिडकीतून गालिचे सोडले होते. नऊ वर्षांनी गावाने मिठावरचा कर नाकारला म्हणून याच माणसाने आपल्या वेशीसमोर तोफा लावल्या, आणि गावचे सगळे पुरुष सदऱ्यावर, अनवाणी, चिखलात गुडघे टेकून. मधल्या काळात त्याचं काय झालं? तीन लढाया जिंकला, दोन शहरं बुडवली, एक बायको पुरली. बाकी लोकांच्याही बायका मरतात.

मग मी विचारलंच. "सरकार, घंटेत काही कालवलं नव्हतं. दाजी निर्दोष आहेत. सोडा त्यांना."

"मला माहीत आहे," ड्यूक म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ओतारी म्हणाला होता मला. घंटेचं कांसं ठिसूळ असतं, तोफेला चालत नाही, यात तांबं घालावं लागेल. मी म्हटलं आहे तशी ओत. आवाज ओळखीचा येऊ दे, डामव्लीटला ऐकू जाऊ दे."

"मग सोडा ना."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे पिवळे. "त्याला सोडलं," तो म्हणाला, "तर माझ्या पोराला कुणी मारलं?"

न्हावी आला. मी बाहेर आलो. तबेल्यात जाऊन मोरेलच्या पोटाला डोकं टेकून उभा राहिलो. हा माणूस जिवंत असेपर्यंत दाजी सुटत नाहीत. दाजींना सोडलं तर त्या बुरुजात त्याला स्वतःलाच बसावं लागेल.

लिही काहीतरी. शिवी लिही.

गोस

हालब्रुक, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार

ताई,

गेला. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी, मी तटावर त्याचा झगा घालून फिरत असताना. खाली बायका गुडघे वाकवत होत्या आणि वर तो मेलेला.

हे पत्र नीट वाच. एक मार्ग आहे.

इथे ड्यूकला पुरण्याची एक रीत आहे, लुबर्टकाकाने थोरल्या ड्यूकच्या वेळी पाहिलेली. शवपेटी देवळात ठेवतात. मग मेलेल्याचं पूर्ण चिलखत घातलेला एक माणूस, तोंडावर शिरस्त्राणाची झडप ओढून, मेलेल्याच्या घोड्यावर बसून थेट वेदीपर्यंत जातो. तेवढ्या वेळापुरता तोच ड्यूक. तो वळून लोकांना तीनदा विचारतो: माझ्या हातून ज्याचं वाईट झालं असेल त्याने आत्ता बोलावं, नाहीतर मला मातीत जाऊ द्यावं. कुणी बोललं तर पुरणं थांबतं. नव्या ड्यूकला तिथल्या तिथे न्याय द्यावा लागतो, त्याशिवाय पेटी खाली सोडता येत नाही. तीनदा विचारून कुणी बोललं नाही, तर सगळ्यांनी माफ केलं असं धरतात. ज्याचं वाईट झालं त्याने बोलायचं, नाहीतर त्याच्या घरच्या माणसाने. थोरल्या ड्यूकच्या वेळी एक कोळीण बोलली होती. तिचा मासेमारीचा बांध तिला परत मिळाला आणि मगच पेटी खाली गेली.

घोडा मोरेल आहे. मोरेलवर दुसरं कोण बसणार? चिलखताच्या आत मी असेन ताई. मी विचारणार आहे. मी बोलू शकत नाही, फक्त विचारू शकतो. तू बोलायचं.

तीन राजांच्या सणानंतरच्या मंगळवारी पुरणार आहेत. ड्यूकचा पुतण्या, आता तोच नवा ड्यूक, दक्षिणेकडून येतोय, रस्ते गोठलेत, म्हणून एवढा उशीर. पेटी शिशाने बंद केलीय, तरी देवळात धूप जाळावा लागतो. उत्तरेच्या दाराशी उभी राहा, गावकऱ्यांना तिथे सोडतात. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबू नकोस, पहिल्यालाच बोल. नाव घे: रंगारी ऑड्रिक, निर्दोष, तळ्याकडच्या बुरुजात. ड्यूक माझ्याशी काय बोलला तेही सांग. मोठ्याने. बाजारात त्या लबाड तेलवालीशी बोलतेस तशी.

इथे नुसती धांदल आहे. काळं कापड पुरेना म्हणून निळं कापड ओक वृक्षाच्या सालीत बुडवताहेत. दाजींनी पाहिलं असतं तर डोकं धरून बसले असते. सुतारही मजेचा आहे. ड्यूकच्या वाड्यावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात पांढरी काठी असते ना, ती शेवटी थडग्यावर मोडून आत टाकायची असते. पण सगळे अधिकारी म्हातारे. काठी मोडेना आणि लोक हसले तर? म्हणून सुतार प्रत्येक काठी मधोमध करवतीने निम्मी कापतो, वर मेण आणि चुना लावतो, कळतसुद्धा नाही. सेगरची काठी कापताना मीच धरली होती. सुतार म्हणाला, "याच्या मनगटात लोण्याचा गोळा मोडायची ताकद नाही." मी इतका हसलो की करवत सरकली.

ये ताई. मला लिहू नकोस हवं तर, नुसती ये.

गोस

हालब्रुक, तीन राजांचा सण

ताई, घाईत आहे, टीडेमान खोगीर कसतोय.

बोलू नकोस. ये, पण बोलू नकोस.

मी लुबर्टकाकाला सांगून बसलो की माझी बहीण येणार आहे. माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे. त्याने कुणाला सांगितलं देव जाणे. काल कारभारी सेगरने बोलावून घेतलं. मला वाटलं आता मीही बुरुजात. पण त्याने बसायला सांगितलं, गरम दारू दिली.

म्हणाला, "तुझी बहीण बोलली तर पुरणं थांबेल, खरं आहे. मी थांबवू शकत नाही. पण न्याय म्हणजे सुटका, हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"न्याय करणार पुतण्या. कशाचा, तर त्याच्याच चुलतभावाच्या मरणाचा. सगळे सरदार बघत असताना. नवा माणूस आहे, मवाळ दिसून चालायचं नाही त्याला. तिथल्या तिथे फासही सांगू शकतो. तुझ्याकडे पुरावा काय, मेलेला ड्यूक मोतद्दाराशी काय बोलला हा?"

मी दारूचा पेला खाली ठेवला.

"ती गप्प राहिली," तो म्हणाला, "तर पेटी खाली गेल्यावर मी स्वतः बुरुजाचं दार उघडतो. कुणाला कळणार नाही, कुणी विचारणार नाही. म्हातारा माणूस आहे मी. मलाही हे ओझं न्यायचं नाही." आणि काठी दोन्ही हातांत आडवी धरून त्याने शपथ घेतली. इथे याहून मोठी शपथ नाही.

म्हणून येताना दाजींचा जाड कोट आण, आणि भाकरी. पुरणं झालं की बुरुजाखाली थांब. मीही येतो.

गोस

हालब्रुक, पुरल्यानंतरचा रविवार

ताई,

तू बाहेरून पाहिलंस ते सांगत नाही. आतून काय झालं ते सांगतो.

चिलखतात थंडी अशी असते की लोखंडच आपलं कातडं वाटतं. आत ड्यूकचा वास होता, जुना, घामाचा. झडपेच्या फटीतून एका वेळी एवढंच दिसतं, एक चेहरा नाहीतर एक मेणबत्ती. गवत पसरलं होतं तरी मोरेलचे खूर घसरत होते. वेदीजवळ त्याने शेण टाकलं आणि पुतण्याच्या बाजूचं कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग मी वळलो आणि तू दिसलीस. उत्तरेचा खांब, एक हात खांबावर, काखेत कोट. ताई, तू म्हातारी दिसत होतीस.

पहिल्यांदा विचारलं. लोखंडात आवाज घुमतो, माझा राहत नाही. मला स्वतःची भीती वाटली. कुणी बोललं नाही.

दुसऱ्यांदा विचारलं. एक म्हातारा खोकला. अख्ख्या देवळात किती लोक असतील त्याच्या हातून बुडालेले? दोन शहरं बुडवली होती त्याने. सगळे आपापल्या जोड्यांकडे बघत होते.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू खांबावरचा हात काढलास. छाती भरून श्वास घेतलास. मी पाहिलं. तू माझं पत्र वाचलं होतंस आणि तरी बोलणार होतीस, कारण तुला पटलं नव्हतं. सेगरचा शब्द तुला पुरेसा वाटला नव्हता. तुला नेहमी आधी कळतं.

आणि मी हात उचलला. तो लोखंडी पंजा, एवढासाच वर. थांब म्हणून.

लोकांना वाटलं ड्यूक आशीर्वाद देतोय. एक-दोघींनी छातीवर क्रूसाची खूण केली. तू तोंड मिटलंस.

पाद्री म्हणाला, माफ केलं.

पुढे रीतीप्रमाणे घोडा देवळाला दान गेला आणि चिलखतही. माझे पट्टे सोडले. मी वेदीसमोर नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी उभा. वेशीपुढे आपले लोक होते तसा. पेटी खाली गेली. मग अधिकारी एकेक करून पुढे आले. कटकन, कटकन. सेगरची काठी सगळ्यांत सहज मोडली. त्याने दोन तुकडे खड्ड्यात टाकले आणि हात झटकले. मला त्या क्षणी करवतीचा आवाज ऐकू आला. तेव्हा कळलं ताई. तेव्हा, आधी नाही. काठी मोडली की हुद्दा गेला, हुद्दा गेला की त्याचा शब्द गेला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मीच तुला हसत लिहिलं होतं. मी ती काठी हातात धरली होती.

बुरुजाखाली तू उभी होतीस म्हणून तुला त्याचं बोलणं ऐकू आलं असेल, तरी लिहितो. मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

मी म्हटलं, "साहेब, किल्ली."

"कसली किल्ली?"

"तुम्ही काठी धरून शपथ घेतलीत."

"कारभाऱ्याने घेतली," सेगर म्हणाला. अंगावर साधा तपकिरी झगा होता. "तो कारभारी आत्ता त्या खड्ड्यात गेला, तुझ्यासमोर. मी सेगर. घरी चाललोय. किल्ल्या सकाळीच पुतण्याच्या माणसांनी घेतल्या."

"तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं."

"तुलाही माहीत होतं, पोरा," तो म्हणाला. कुत्सितपणे नाही. त्याला वाईट वाटत होतं, आणि मला ते सगळ्यांत जास्त लागलं.

तू भाकरी दगडावर ठेवलीस. कोट माझ्या अंगावर टाकलास. मी सदऱ्यावर होतो. तो मला गारठा लागू नये म्हणून टाकलास, की दाजींना आता त्याचा उपयोग नाही म्हणून, ते मला कळलं नाही. तू वळून बघितलं नाहीस. एक शब्द नाही.

पहारेकऱ्याने नंतर एक गोष्ट सांगितली. दाजींना खिडकीतून तट दिसतो. ड्यूक मरायला टेकलाय हे ते मानतच नव्हते. म्हणायचे, "रोज सकाळी घोड्यावर बघतो की मी त्याला. हा मरायचा नाही. माझ्यानंतरही फिरेल." म्हणून त्यांनी जेवण टाकलं ते टाकलंच. तो मी होतो ताई. रोज सकाळी.

माझ्या हातून तुझं वाईट झालंय. आता तू बोल.

गोस

दक्षिणेचा रस्ता, मेणबत्त्यांच्या सणाच्या सुमाराला

ताई,

कैद्यांना गाड्यांत घालून पुतण्याच्या मुलखात नेलं. नव्या ड्यूकला बुरूज रिकामे हवेत, त्याला तिथे शिकारीचे ससाणे ठेवायचे आहेत असं ऐकलं. मी मागे मागे चालतोय. कोटाला अजून निळीच्या पिंपाचा वास येतो, सरायांमध्ये लोक माझ्यापासून लांब बसतात. दाजींना गाठलं की घालीन, म्हणून बाही फाटू देत नाही.

काल एका गावात ड्यूक हेरब्रांटचं गाणं म्हणत होते. चांगला ड्यूक होता म्हणे, माफी मागून मेला, आणि सगळ्या प्रजेने एकमुखाने माफ केलं. एक आंधळा वाजवत होता, चाल फार सुरेख होती. मी शेवटपर्यंत ऐकली. मग बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटलं, फार जोरात नाही.

पुन्हा विचारतो. माझ्या हातून तुझं वाईट झालं. बोल.

गोस

संत बाव्होचा मठ, उपासाचा काळ

मेखतेल्डताई,

दाजी इथे आहेत. मठाच्या कुंपणालगत, सफरचंदाच्या झाडाखाली. ज्यांना चालवेना त्यांना गाडीवाल्यांनी इथे उतरवून दिलं होतं. मी दोन दिवस उशिरा पोचलो. वाटेत एका जत्रेत थांबलो होतो, अस्वल होतं तिथे, नाचणारं. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सांगतो.

त्यांची सेवा करणारा साधू भला माणूस आहे. त्याला दाजी कोण ते ठाऊक नव्हतं, नुसता एक पांढऱ्या हातांचा म्हातारा. म्हटलं रंगारी होते, निळे हात होते. तो म्हणाला, "तसं वाटलं नाही." शेवटी काही बोलले का, विचारलं. प्रार्थनेची घंटा झाली की डोळे उघडायचे म्हणे. एकदा म्हणाले, "आमची जरा खालच्या सुरातली होती." तुझं नाव घेतलं का, असंही विचारलं. साधू खोटं बोलेना. नाही म्हणाला.

कोट माझ्याच अंगावर आहे.

लोकरवाल्यांचा तांडा उद्या इथून उत्तरेला जातोय, त्यांच्याबरोबर हे पाठवतो. मी इथेच तबेल्यात राहिलोय. एक खेचर आहे, ते सगळ्यांना चावतं, मला नाही.

हे तिसऱ्यांदा विचारतोय. तुझं उत्तर येणार नाही, हेही कळतंय. रीत अशी आहे की तीनदा विचारून कुणी बोललं नाही तर माफ केलं असं धरतात, आणि माणसाला सुखाने मातीत जाऊ देतात. मी त्या देवळात घोड्यावर बसलो होतो ताई, गप्प बसलेले सगळे चेहरे एकेक करून त्या फटीतून पाहिलेत. त्यात माफी कुठेच नव्हती.

तेव्हा तू बोलली नाहीस तर मी तसं धरणार नाही.

गोसविन